हे वचन दुसऱ्याला सुनावता येत नाही

"तुमचे दोष काढण्यात येऊ नयेत म्हणून तुम्ही कोणाचे दोष काढू नका." मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या सातव्या अध्यायाची ही पहिली ओळ. बायबल कधी उघडून न पाहिलेल्या माणसालाही ती कुठून तरी ठाऊक असते, आणि बहुधा त्याने ती भांडणातच ऐकलेली असते. कोणी चुकीवर बोट ठेवले की समोरचा उसळतो, 'माझा न्याय करणारा तू कोण? तुझ्याच येशूने काय सांगितलंय?' मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या समाजाच्या, आतही फार वेगळे घडत नाही. पाळकाच्या वागण्याबद्दल किंवा हिशोबाबद्दल कोणी शंका काढली की एखादे वडीलधारे शांतपणे म्हणतात, 'न्याय करणं देवाचं काम, आपण बोलू नये.' विषय तिथेच मिटतो.

या ओळीचा असा वापर करताच येत नाही, असे माझे म्हणणे आहे. ही आज्ञा ऐकणाऱ्यासाठी आहे. ती मी स्वतःवर घेऊ शकतो, दुसऱ्यावर फेकू शकत नाही; फेकली की फेकतानाच ती मोडते, कारण 'तू दुसऱ्यांचा न्याय करणारा आहेस' हादेखील एक निवाडाच झाला. शब्दांची कसरत वाटेल, पण हा फरक विसरल्यामुळे मंडळ्यांमध्ये माणसांची आयुष्ये उद्ध्वस्त झालेली आहेत. त्याकडे पुढे येतो.

आधी मजकूर नीट वाचू. भावाच्या डोळ्यातले कुसळ दिसते, स्वतःच्या डोळ्यातले मुसळ ध्यानात येत नाही, इथपर्यंत सगळ्यांना पाठ असते. पुढचे वाक्य मात्र गळते: आधी आपले मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल. कुसळ काढायचेच आहे. ते तसेच डोळ्यात ठेवून भावाने दिवस काढावेत असे येशू कुठेही म्हणत नाही. त्याच अध्यायात तो बजावतो की मोती डुकरांपुढे टाकू नका, आणि थोडे पुढे, मेंढरांच्या वेषात येणाऱ्या खोट्या संदेष्ट्यांपासून जपा, फळांवरून त्यांना ओळखा. पारख केल्याशिवाय डुक्कर ओळखता येत नाही आणि लांडगाही. योहानाच्या सातव्या अध्यायात तर तो सरळ सांगतो, तोंड पाहून न्याय करू नका, यथार्थ न्याय करा. तेव्हा 'ख्रिस्ती माणसाने कशालाच चूक म्हणू नये' हा अर्थ मजकुरात नाही. तो आपल्या सोयीचा आहे.

मग मनाई कशाची आहे? याचे सर्वांत नेमके उत्तर मला सहाव्या शतकातल्या गाझाच्या दोरोथेउसकडे मिळते. हा मठातला गुरू. आपल्या शिष्यांना त्याने याच विषयावर एक प्रवचन दिले आणि ते आजही उपलब्ध आहे. तो तीन पायऱ्या दाखवतो. पहिली, निंदा: अमका खोटे बोलला, अमका रागावला. दुसरी, दोषी ठरवणे: अमका खोटारडा आहे, अमका तापट आहे. तिसरी, तुच्छता: त्या माणसाची किळस येणे, तो नजरेसमोरही नको होणे. पहिली वाईटच, पण दुसरी कितीतरी गंभीर, असे दोरोथेउस सांगतो. पहिल्या वाक्यात आपण एका कृतीबद्दल बोलतो. दुसऱ्या वाक्यात आपण त्याच्या अख्ख्या जिवाचा, त्याच्या घडणीचा, त्याच्या सबंध आयुष्याचा निकाल लावून मोकळे होतो. आणि तिसरी सर्वांत भयंकर, कारण तिथे आपल्याला त्या माणसाचे काही बरे व्हावे ही इच्छाच उरत नाही.

त्याच प्रवचनात त्याने एक गोष्ट सांगितली आहे. गुलामांना घेऊन एक जहाज बंदरात लागले. त्यात दोन लहान मुली होत्या. एका सात्त्विक, व्रतस्थ बाईने त्यांपैकी एक विकत घेतली आणि तिला पोटच्या मुलीसारखे, देवाच्या भयात वाढवले. दुसरी घेतली ती नाचगाण्याच्या फडाच्या मालकिणीने, आणि तिला आपल्या धंद्यात तयार केले. जी आधी हाताला लागली ती हिची, राहिली ती तिची. या दोघींपाशी देव एकच हिशोब मागेल काय, असे दोरोथेउस विचारतो. एकीला न्यायाच्या दिवसाबद्दल रोज सांगितले गेले. दुसरीच्या कानावर कधी चांगला शब्दच पडला नाही. दोघी एकाच चुकीत सापडल्या, तरी ती चूक एकच आहे असे कोण म्हणेल?

हा प्रश्न मला दोरोथेउसच्या सगळ्या उपदेशापेक्षा जड वाटतो. तो चुकीला चूक म्हणणे सोडत नाही. फडातले आयुष्य चांगलेच होते, असेही तो म्हणत नाही. तो एवढेच दाखवतो की निकाल द्यायला लागणारी माहिती आपल्याकडे नसते आणि मिळूही शकत नाही. माणूस कुठून निघाला, वाटेत त्याला काय भेटले, किती वेळा त्याने मोह आवरला जो आपल्याला दिसलाच नाही, पडण्याआधी तो किती झगडला, हे सारे त्याच्या आत राहते. आपल्याला दिसतो तो फक्त शेवट. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल विचारतो ते याच अर्थाने: दुसऱ्याच्या चाकराला दोष लावणारा तू कोण? तो उभा राहिला काय नि पडला काय, ते त्याच्या धन्याकडे. कॅथलिक चर्चने शतकानुशतके हजारो माणसांना संत म्हणून जाहीर केले, पण अमुक एक माणूस नरकात गेला असे अधिकृतपणे एकाही नावाबद्दल सांगितलेले नाही, येशूला पकडून देणाऱ्या यहूदा इस्कर्योतबद्दलही नाही.

मिसरच्या वाळवंटातल्या तपस्व्यांच्या आठवणींत थेबेसच्या इसहाकाची कथा आहे. तो एका मठात गेला, तिथे एका बंधूला चुकताना पाहिले आणि मनोमन त्याला दोषी ठरवून परतला. आपल्या झोपडीशी आला तर दारात देवदूत उभा, आत जाऊ देईना. कारण विचारल्यावर देवदूत म्हणाला, 'तू ज्याचा निकाल लावलास त्या बंधूला कुठे टाकू, हे तुला विचारून ये असं देवाने सांगितलंय.' इसहाक गडबडून पाया पडला. या कथेत दरडावणे नाही, उलट एक गंभीर थट्टा आहे: खुर्चीवर बसलासच तर शिक्षाही तूच सांग. निकाल देण्याची आपल्याला हौस असते. त्या निकालाने पुढे एका माणसाचे काय करायचे, हे मात्र आपण कधी ठरवलेले नसते.

ही हौस येते कुठून? दावीद राजाने उरीयाची बायको घेतली, उरीयाला लढाईच्या तोंडी देऊन मारवले आणि सारे निस्तरले असे समजून तो निवांत झाला. नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला तो आरोप घेऊन नाही, एक फिर्याद घेऊन. कळपांचा धनी असलेल्या श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी हिसकावून पाहुण्याला रांधून घातली. दावीद संतापून म्हणाला, असा माणूस मरणास पात्र आहे. 'तो माणूस तूच,' नाथान म्हणाला. दावीदाला न्याय कळत नव्हता असे नाही. मेंढीच्या बदल्यात चौपट भरपाई, ही मोशेच्या नियमशास्त्राची तरतूदसुद्धा त्याला तोंडपाठ होती. त्याची न्यायबुद्धी शाबूत होती, फक्त ती दुसऱ्याच्या घरी कामाला लागली होती. दुसऱ्याच्या पापावर येणारा संताप आपल्याला केवढे समाधान देतो पाहा: तेवढा वेळ आपण न्यायाच्या बाजूला असतो, आणि आपल्या फायलीकडे कोणी बघत नाही.

मंडळ्यांमध्ये या हौसेला एक खास वेष सापडलेला आहे. 'प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं, बाहेर बोलू नका.' मग कोणाच्या मुलीचे काय चालले आहे, कोणाचा संसार कसा मोडायला आला आहे, हे सगळे तपशिलासकट. प्रार्थना एका मिनिटाची होते, तपशील अर्धा तास चालतो. दोरोथेउस ज्याला पहिली पायरी म्हणतो ती इथे भक्तीच्या नावाखाली चढली जाते, आणि दुसरी पायरी घरी परतताना, 'तसं ते घराणंच तसलं' या वाक्यावर.

दुसऱ्याच्या दुःखातून त्याचे पाप वाचणे हा निवाड्याचाच एक प्रकार, आणि त्याबद्दल येशूचे बोलणे इतके स्पष्ट आहे की लांबण लावायला नको. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होती काय? नाही, असे त्याने लूकच्या तेराव्या अध्यायात ठणकावून सांगितले. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र त्याच्याजवळ सात दिवस काही न बोलता बसले, तेवढेच त्यांचे चांगले. आठव्या दिवसापासून त्यांनी त्याच्या दुःखाची कारणे शोधायला सुरुवात केली आणि शेवटी देवाचा राग ओढवून घेतला. तरीही रुग्णाच्या उशाशी 'काहीतरी पाप असेल' म्हणणारे लोक मंडळीत अजून आहेतच.

आता सर्वांत अवघड भाग. हे सगळे मान्य केले, तर अन्याय झालेल्या माणसाने काय करायचे?

२००२ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या बॉस्टनच्या एका वृत्तपत्राने छापले की मुलांवर अत्याचाराचे आरोप असलेल्या धर्मगुरूंना तिथले आर्चडायोसिस, म्हणजे कॅथलिक महाधर्मप्रांत, एका पॅरिशमधून (स्थानिक चर्चमधून) दुसऱ्या पॅरिशमध्ये हलवत राहिले होते. वर्ष संपायच्या आत तिथल्या प्रमुखांना, कार्डिनलना, पद सोडावे लागले. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्समधल्या स्वतंत्र आयोगाने अंदाज मांडला की १९५० पासून तिथे धर्मगुरू आणि व्रतस्थांच्या हातून सुमारे २,१६,००० अल्पवयीन मुलेमुली अत्याचाराला बळी पडली. २०२२ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट संघटनेविषयीचा चौकशी अहवाल आला. तिच्या वरिष्ठांनी तक्रार करणाऱ्यांना वर्षानुवर्षे टोलवले होते, हे त्यातून उघड झाले. म्हणजे प्रश्न एका पंथाचा नाही. अशा प्रकरणांत धर्माची भाषा कशी वापरली जाते ते कोणत्याही मंडळीत वावरणाऱ्याला ठाऊक आहे: आपण सगळेच पापी, क्षमा करायला शीक, देवाच्या सेवकाचा न्याय करू नकोस.

इथे माझ्या सुरुवातीच्या मुद्द्याचे वजन लक्षात यावे. जिच्यावर अन्याय झाला ती बोलते तेव्हा ती निवाडा करत नसते. ती साक्ष देत असते. 'त्याने मला असे केले' हे दोरोथेउसच्या दुसऱ्या पायरीवरचे वाक्य नाही, आणि पहिल्याही नाही. ज्याला निंदा म्हणतात ती दुसऱ्याच्या चुकीची चघळण असते, स्वतःवर झालेल्या घावाची तक्रार नव्हे. तिच्या तोंडावर 'न्याय करू नका' हे वचन मारणारा माणूस मात्र दोन निवाडे करून बसलेला असतो: तो निर्दोष आणि ही खोटी, किंवा निदान हिचे दुःख त्याच्या पदापेक्षा हलके. आज्ञा मोडली असेल तर ती त्याने.

वचनांचा असा उलटा उपयोग आणखी एका ठिकाणी होतो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशू सांगतो, भावाने अपराध केला तर आधी एकान्तात त्याला सांग, ऐकले नाही तर एकदोघांना घेऊन जा, मग मंडळीला कळव. हा क्रम दाखवून पीडितांना विचारले जाते, 'तू आधी त्यांना एकटीने भेटलीस का?' ज्याच्याशी एकटे असतानाच अन्याय झाला, त्याला पुन्हा एकटीने भेटायचे! भावाभावांच्या, म्हणजे बरोबरीच्यांच्या अपराधांसाठी दिलेली ही वाट आहे. लहानग्यांबद्दल याच अध्यायात नऊ वचने आधी वेगळी भाषा आहे: त्यांच्यातल्या एकाला जो अडखळवील त्याच्या गळ्यात जात्याची मोठी तळी बांधून त्याला खोल समुद्रात बुडवणे त्याच्या हिताचे होईल. येशूच्या तोंडी आलेल्या सर्वांत कठोर वाक्यांपैकी हे एक, आणि ते बरोबर तिथेच आहे जिथे आपण मवाळपणा शोधतो.

करिंथमधल्या मंडळीत एक माणूस आपल्या बापाच्या बायकोबरोबर राहत होता आणि मंडळी तरीही गर्वाने फुगलेली होती. पौलाने पत्रात कडक शब्दांत लिहिले की त्याला आपल्यामधून बाहेर काढा. वर एक खुलासा केला, जो मला फार आवडतो: बाहेरच्या जगातल्या अनीतिमान लोकांशी संबंधच ठेवू नका असे मी म्हटले नव्हते, तसे करायचे तर तुम्हाला जगातूनच निघून जावे लागेल. बाहेरच्यांचा न्याय करणे माझ्याकडे कुठे आहे? आतल्यांचा तुम्ही करत नाही काय? दोन हजार वर्षांत आपण हे वाक्य नेमके उलटे वापरायला शिकलो. बाहेरच्यांचे कपडे, सिनेमे, लग्ने, घटस्फोट, इतर धर्म, यांवर व्यासपीठावरून आवाज चढतो. आतल्या माणसाचे प्रकरण आले की आवाज खाली येतो आणि कृपेची आठवण होते. २०१३ साली रिओहून परतताना विमानात पोप फ्रान्सिस समलिंगी माणसाबद्दल म्हणाले, तो देवाला शोधत असेल, त्याचा हेतू चांगला असेल, तर त्याचा न्याय करणारा मी कोण? त्यावर गदारोळ झाला. मला त्या वाक्याचे व्याकरण महत्त्वाचे वाटते. ते 'तुम्ही कोण' असे म्हणाले नाहीत. अधिकाराच्या सर्वांत वरच्या खुर्चीवरच्या माणसाने 'मी कोण' म्हणणे, ही त्या वचनाची योग्य दिशा आहे.

करिंथच्या प्रकरणाला पुढचा अंकही असावा. दुसऱ्या पत्रात पौल लिहितो की बहुतेकांनी केली तेवढी शिक्षा त्या माणसाला पुरे. आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. हा तोच माणूस की दुसरा कोणी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. कोणीही असो, शिक्षेला एक शेवट आहे हे त्यातून दिसते.

शेवट असणे ही साधी गोष्ट नाही. 'न्याय करू नका' हे रशियन लेखक तोल्स्तोयने शब्दशः घेतले आणि ख्रिस्ती माणसाला न्यायालयही वर्ज्य मानले. मला ते पटत नाही, आणि बहुसंख्य ख्रिस्ती परंपरेलाही पटलेले नाही. चांगले न्यायालय आपल्या रोजच्या गप्पांपेक्षा पुष्कळ नम्र असते. ते एका विशिष्ट कृतीबद्दल विचारते. दोन्ही बाजू ऐकते. पुरावा नसेल तर सोडून देते. वर अपील असते. शिक्षा मोजून देते आणि ती संपली की माणूस सुटतो. जनमताच्या न्यायालयात यातले काहीच नसते. पडद्यावर वीस सेकंदांची चित्रफीत येते, दुपारपर्यंत हजारो अनोळखी माणसे त्या इसमाचा स्वभाव, संस्कार आणि लायकी ठरवून मोकळी होतात, संध्याकाळी त्याची नोकरी जाते आणि दहा वर्षांनी नाव शोधले तरी पहिल्यांदा तेच समोर येते. तिथे दोषारोप कृतीपासून माणसापर्यंत पोचायला एक घटकाही लागत नाही.

येशूविरुद्ध चर्चा चालली असताना निकदेमाने यहुद्यांच्या महासभेत विचारलेला प्रश्न आपण विसरतो: एखाद्याचे ऐकून घेण्याआधी आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरवते काय? १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या एका धर्मशिक्षणाच्या पुस्तकात, खोट्या साक्षीविरुद्धच्या आज्ञेचा अर्थ सांगताना हेच आले आहे, कोणाला ऐकून न घेता घाईघाईने दोषी ठरवण्यात सामील होऊ नये. आणि तेराव्या शतकातला कॅथलिक तत्त्वचिंतक थॉमस अक्वायनस म्हणतो की वाईट माणसाला चांगला समजून वारंवार फसलेले बरे, पण चांगल्याला वाईट समजून क्वचितही चुकू नये; पहिल्या चुकीत कोणाचे नुकसान होत नाही, दुसरीत होते. न्यायमूर्ती किंवा मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी असलेला माणूस या नियमावर विसंबू शकत नाही, त्याला सावध राहावेच लागते. पण आपण बहुतेक वेळा कोणत्याच जबाबदारीवर नसतो. आपण नुसते प्रेक्षक असतो, आणि प्रेक्षकाला हा नियम पुरेपूर लागू आहे.

व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट याच संदर्भात पुन्हा वाचावी. योहानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांमध्ये हा उतारा नाही, म्हणून बऱ्याच बायबलांत तो कंसात छापतात. तरी मंडळीने त्याला सोडले नाही. ती 'प्रत्यक्ष कर्म करताना' धरली गेली असे आरोपकर्ते सांगतात. मग पुरुष कुठे आहे? नियमशास्त्र दोघांना सारखीच शिक्षा सांगते. त्याच नियमशास्त्राप्रमाणे पहिला दगड साक्षीदाराने टाकायचा असतो, म्हणजे येशूचे ते प्रसिद्ध वाक्य खटल्याच्या रीतीला धरूनच आहे: साक्षीदार कोण आहे, पुढे या, आणि तुमचे स्वतःचे हात पाहा. वयस्क माणसे आधी निघून गेली. मागे उरलेल्या बाईला तो दोन गोष्टी सांगतो, मीही तुला दोषी ठरवत नाही, आणि यापुढे पाप करू नको. एका गटाला पहिले अर्धे वाक्य हवे असते, दुसऱ्याला दुसरे. दोन्ही एका श्वासात म्हणणारा माणूस विरळा, कारण त्यासाठी त्या बाईशी बोलावे लागते. बाकी सगळे तिच्याबद्दल बोलत होते.

कृत्य उघड करणे आणि माणसाचा अंतिम निकाल न लावणे, हे दोन्ही एकत्र राहू शकते काय? दक्षिण आफ्रिकेत १९९६ पासून आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली वर्णद्वेषी राजवटीच्या काळातल्या अत्याचारांबद्दल सत्य आणि सलोखा आयोगाचे काम चालले. माफी हवी असेल तर केलेले कृत्य संपूर्ण, जाहीरपणे सांगायचे ही अट होती. सात हजारांवर अर्ज आले आणि त्यांतले बहुतेक फेटाळले गेले, म्हणजे ती माफीची खिरापत नव्हती. अनेक कुटुंबांना तो सौदा अन्यायकारक वाटला, आणि त्यांच्या रागाला कमी लेखण्याचा अधिकार मला नाही. पण टुटूंचा एक मुद्दा मला खोडता आलेला नाही. छळ करणाऱ्यांना राक्षस म्हणू नका, असे ते सांगत. कारण राक्षसाला जाब विचारता येत नाही. राक्षस राक्षसासारखाच वागणार. तो माणूस आहे, देवाचे लेकरू आहे, वेगळे वागू शकला असता, पश्चात्ताप करू शकतो, असे मानले तरच त्याच्या कृत्याला गुन्हा म्हणता येते. निवाडा न करणे म्हणजे सौम्य होणे, अशी आपली समजूत असते. टुटूंच्या युक्तिवादात ते उलटे निघते: माणसावर शिक्का मारला की आपण त्याला जबाबदारीतूनच मोकळे करतो.

ही आज्ञा फक्त स्वतःवर घेता येते असे मी म्हटले, तर तिची आणखी एक बाजू उरते. मला माझा स्वतःचा तरी निकाल लावता येतो काय? करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल लिहितो की तुम्ही माझा न्याय करावा याचे मला काहीच वाटत नाही, मी स्वतःही माझा न्याय करत नाही. माझे मन मला खात नाही, पण त्यामुळे मी निर्दोष ठरतो असे नाही. न्याय करणारा प्रभू आहे. स्वतःला निर्दोष ठरवण्याचा हक्क तो सोडतो, तसा स्वतःला कायमचे दोषी ठरवण्याचाही. मंडळीत असे कितीतरी लोक असतात जे दुसऱ्यांविषयी चकार शब्द काढत नाहीत आणि स्वतःला रोज फाशी देतात. त्यांना आपण नम्र म्हणतो. पण ते त्याच खुर्चीवर बसलेले असतात.

वधस्तंभाच्या आदल्या रात्री पेत्राने येशूला तीनदा नाकारले. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्राकाठी न्याहारी झाल्यावर येशूने त्याला तीनदा विचारले, माझ्यावर प्रीती करतोस काय? त्या रात्रीचा उल्लेख नाही, खुलासा मागितला नाही, स्वभावाबद्दल एक शब्द नाही. तिन्ही वेळा काम सोपवले: माझी मेंढरे पाळ. पेत्राला मिळालेली क्षमा अजून ताजी होती. तेवढ्यात त्याने मागे वळून पाहिले, दुसरा एक शिष्य येताना दिसला, आणि तो लगेच विचारता झाला, 'प्रभू, ह्याचं काय?'

'त्याचं तुला काय?' येशू म्हणाला. 'तू माझ्यामागे ये.'